आत्या राष्ट्रपती, पप्पा उपराष्ट्रपती

माझ्या मुलीने शाळेच्या फॉर्मवर राष्ट्रपतिपदासाठी माझ्या बहिणीचं नाव लिहिलं आणि त्याखाली, उपराष्ट्रपती म्हणून, माझं. मी आणि ताई तेव्हा चौदा महिने एकमेकांशी बोललो नव्हतो. मुलीला हे पक्कं ठाऊक होतं. नववीतली पोरगी, तिला डोळे आहेत, कान आहेत. तरी तिने लिहिलं आणि बायकोने मला न विचारता सही करून टाकली.

"मला विचारायचं नाही?" मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," बायको म्हणाली. ती एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. शनिवारी तिची ड्युटी असते, नाहीतर फॉर्मवर तिचंच नाव आलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

शाळेच्या इतिहास मंडळाचा तो कार्यक्रम होता. त्यांच्या सरांनी मुलांना एक 'समजा' दिला होता. समजा, आपल्या घटना समितीने राष्ट्रपती थेट जनतेने निवडायचा असं ठरवलं असतं. समजा, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती जोडीने उभे राहिले असते, दोघांचं मिळून एकच तिकीट. आणि समजा, त्या देशात एकाच घरातले दोघे एका तिकिटावर उभे राहायची पद्धत पडली असती. मग काय झालं असतं? मुलांनी असा एक न घडलेला इतिहास लिहायचा आणि आपल्या घरातल्या दोन मोठ्या माणसांना उमेदवार म्हणून व्यासपीठावर उभं करायचं. हॉलमधले पालक मतदान करणार.

"आत्या राष्ट्रपती का?" मी मुलीला विचारलं.

ती इंग्रजीतच बोलते. म्हणाली, आत्याला बोलता येतं. तुम्हाला फक्त रागावता येतं.

मी रागावलोच. म्हटलं, संविधान ही काय खेळायची वस्तू आहे? आम्ही बौद्ध माणसं. माझ्या घरात इतर काही भिंतीवर नसेल, पण ती एक तसबीर आहे. ज्यांनी ती घटना लिहिली त्यांनी विचार करून लिहिली. ती बदलून पाहायची, तेही शाळेच्या करमणुकीसाठी?

"पप्पा, इट्स जस्ट अ समजा," ती म्हणाली. तो एक शब्द तेवढा तिने मराठीत उचलला होता.

आता ताईबद्दल सांगायला हवं. मी सांगेन ते तिच्या बाजूचं नसेल, हे आधीच सांगतो.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आम्ही अकोला जिल्ह्यातले. ती लग्न होऊन बहारीनला आली, भाऊजी विमानतळावर कार्गोत होते, अजून आहेत. ती एका कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते. माझा पहिला व्हिसा तिने खटपट करून मिळवून दिला. त्या व्हिसावर मी आलो, हूरा भागातल्या एका हॉटेलात चिलरवर, म्हणजे एसीच्या मोठ्या यंत्रावर, टेक्निशियन म्हणून लागलो, आणि आज तिथेच आहे. हे मी विसरलेलो नाही. विसरू दिलं असतं तर बरं झालं असतं. चारचौघांत कुणी विचारलं की हा काय करतो, तर ती म्हणायची, "मीच आणला त्याले." जसं काही फ्रीज आणला.

ती मुहर्रकला राहते, मी नईममध्ये. मध्ये एक पूल आहे. गाडीने वीस मिनिटं लागतात. चौदा महिने तो पूल मी फक्त विमानतळावर कुणाला सोडायला ओलांडला.

भांडण मायवरून होतं. वडील गेल्यावर माय गावी मामाच्या शेजारी एकटी राहायची. एका वर्षी आम्ही दोघांनी मिळून तिला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. पहिला महिना ती ताईकडे राहिली, मग माझ्याकडे आली. तोवर आम्हाला कळलेलं नव्हतं की माय विसरायला लागली आहे. सकाळी खिडकीशी उभी राहून मला विचारायची, "गावाची गाडी कुठून निघते रे?" मी हसण्यावारी न्यायचो. एकदा गॅस चालू ठेवून झोपली. तेही मी हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, घरात कुणी नसताना ती दार उघडून खाली गेली. पायात चप्पल नव्हती. नईमच्या गल्ल्या एकसारख्या दिसतात, मलाही सुरुवातीला चुकायला व्हायचं. दोन-तीन गल्ल्या पुढे एका म्हाताऱ्या बहारीनी शिंप्याने तिला पाहिलं. त्याने तिला दुकानात बसवलं, पाणी दिलं, पायाखाली ओलं फडकं ठेवलं. तिच्याशी तो अरबीत बोलत होता आणि ती त्याच्याशी वऱ्हाडीत. शेवटी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने तिला ओळखलं. मला फोन गेले, पण चिलरचं शटडाऊन चालू होतं आणि फोन लॉकरमध्ये होता. बायकोने ताईला फोन लावला. ताई ऑफिस टाकून मुहर्रकहून आली आणि मायला घेऊन गेली.

त्यानंतर चार दिवसांनी माय विमानात बसून परत गेली. नागपूरला मामा घ्यायला आला. मी तिला सोडायला गेलो नव्हतो.

पाच महिन्यांनी ती वारली. मी आणि ताई वेगवेगळ्या विमानांनी पोहोचलो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मंडपात सगळे नातेवाईक बसलेले असताना, मामाने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुले माय जड झाली होती का रे? तिनं सांगतलं मले. पोरगी म्हणे की त्याले तू नको."

ताईने विमानतळावर मायला असं सांगितलं होतं. माय विचारत होती, पोरगा का आला नाही, आणि ताईने उत्तर दिलं, त्याले तू नको होती. हे वाक्य घेऊन माय गावी गेली आणि पाच महिने जगली.

मी मंडपात परत आलो आणि सगळ्यांच्या देखत बोललो, की मायला परत पाठवायचं ताईने एकटीने ठरवलं, मला विचारलंही नाही, मी कामावर असताना परस्पर तिला विमानात बसवून दिलं. काकू, मावश्या, मामेभाऊ सगळे ऐकत होते. ताई उठून निघून गेली. ती काही बोलली नाही, त्याचा अर्थ सगळ्यांनी माझ्या बाजूने लावला. बहारीनला परत आल्यावर इथल्या आपल्या लोकांतही मी तेच सांगितलं. जयंतीच्या समितीतून ताईने नाव काढून घेतलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हो, बरं वाटलं होतं.

तर अशा दोघांचं एक तिकीट.

सरांचा निरोप आला की उमेदवारांनी मुलांबरोबर एकदा तरी तयारी करावी. शुक्रवारी सकाळी मी मुलीला घेऊन ताईच्या घरी गेलो. दार भाऊजींनी उघडलं. ते "या या" म्हणाले आणि आत जाऊन टीव्ही लावून बसले, आणि आम्ही निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. ताईने मुलीला जवळ घेतलं, माझ्याकडे बघितलंही नाही. चहा तीन कप आला. मी कपाला हात लावला नाही.

मुलीने वही उघडून वाचायला सुरुवात केली. तिच्या त्या न घडलेल्या देशात अकोल्याजवळच्या एका खेड्यातले बहीण-भाऊ उभे राहतात. बहीण शाळेत शिकवते, भाऊ गिरणीत युनियनचं काम करतो. दोघं बैलगाडीतून प्रचार करतात. लोक म्हणतात, एका घरातले दोघे नकोत, सगळी सत्ता एका स्वयंपाकघरात जाईल. त्यावर बहीण सभेत सांगते, आमच्या घरात दोघांचं कधी एकमत झालेलं नाही, तुम्ही काळजी करू नका. ते निवडून येतात. आणि म्हातारी आई त्यांच्याबरोबर दिल्लीला त्या मोठ्या घरात राहायला जाते, तिथल्या बागेत मेथी लावते.

मायने माझ्या गॅलरीतल्या कुंडीत मेथी लावली होती. पोरीने ते बघितलं होतं.

"छान लिहिलं बेटा," ताई म्हणाली. मग मुलीकडेच बघत म्हणाली, "तुझ्या पप्पांना विचार, भाषण तयार आहे का."

"तुझ्या आत्याला सांग," मी म्हणालो, "की मला ही पद्धतच मान्य नाही. आपल्या घटनेत राज्य करणाऱ्याला रोज जाब विचारता येतो. या पद्धतीत पाच वर्षं कुणी विचारणारा नाही."

आता ताई माझ्याकडे वळली. "घटना वाचली का तू? मीनं वाचली."

"तू वाचली असशील. पाळली नाही."

"पप्पा," मुलगी म्हणाली.

"खलास," ताई म्हणाली आणि वही मिटली. "उद्या नऊ वाजता हॉलवर. इस्त्रीचा शर्ट घालून ये." चौदा महिन्यांनी बहीण माझ्याशी थेट बोलली ती ही अशी.

शनिवारी हॉल भरलेला होता. सात तिकिटं होती. बहुतेक नवरा-बायको, एक बाप-लेक, एक आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत एसी इतका थंड की बायका ओढण्या घट्ट लपेटून बसल्या होत्या. आमची जयंतीची ओळखीची सात-आठ कुटुंबं होती. पुण्या-मुंबईकडचे होते, मल्याळी तर निम्मा हॉल. मुलीने पोस्टर केलं होतं. आमच्या दोघांचे पासपोर्टवरचे फोटो मोठे करून चिकटवले होते, दोघेही गुन्हेगारासारखे दिसत होतो. खाली तिने लिहिलं होतं की आमच्या राज्यात कोणतीही आजी एकटी राहणार नाही.

आधी उपराष्ट्रपतींनी दोन मिनिटं बोलायचं होतं. मुलीने मला एक कागद लिहून दिला होता. मी तो खिशातून काढलाच नाही. हिंदीत बोललो, म्हणजे सगळ्यांना कळेल. म्हणालो, या देशात ही पद्धत आली नाही याचा मला आनंद आहे. एकदा निवडून दिलं की ज्याला जाब विचारता येत नाही असा माणूस घरात असला की काय होतं, ते मला माहीत आहे. मी आमच्या राष्ट्रपतींना लहानपणापासून ओळखतो. त्या एकट्या ठरवतात आणि मग सगळ्यांना कळवतात.

लोक हसले. त्यांना वाटलं, बहीण-भावाची गंमत चालली आहे. टाळ्यासुद्धा पडल्या. मला चेव चढला.

ताई उठली. ती चांगली बोलली, हे मला मान्य करावं लागेल. कागद न बघता, शांतपणे, इंग्रजीत. माझ्या भाषणाचा उल्लेखही केला नाही. म्हणून मी आणखी चिडलो.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. दुसऱ्या एका तिकिटावरचे उमेदवार पुण्याचे होते, बँकेत नोकरी करणारे. माणूस सभ्य होता, त्याला आमचं काही ठाऊक नव्हतं. त्याने पोस्टरकडे बोट दाखवून हसत विचारलं, "कोणतीही आजी एकटी राहणार नाही म्हणता. मग राष्ट्रपतींच्या मातोश्री कुठे असतात?"

माइक टेबलावर मध्ये होता. मी तो उचलला.

"राष्ट्रपतींनाच विचारा," मी म्हणालो. या वेळी मराठीत. "त्यांनी आईला परस्पर विमानात बसवून दिलं. मला विचारलं नाही. पाच महिन्यांत आई गेली."

हॉलमधले मराठी लोक खुर्च्यांत सावरून बसले. बाकीचे आमच्या तोंडाकडे बघत राहिले. पुण्याचा माणूस "सॉरी, सॉरी" म्हणत खाली बसला. ताईने माझ्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, सावकाश घेतला. आणि घरात बोलतो त्या भाषेत बोलली.

"मीनं तुले फोन केल्ता. त्याच संध्याकाळी. मी म्हटलं, माय आता एकटी राहू शकत नाही, एक आठवडा तू सुट्टी घे, एक आठवडा मी घेतो, व्हिसा संपेपर्यंत असं करू. तू काय म्हणला? सांग ना लोकायले."

मी खिशातला मुलीचा कागद चाचपला.

"तू म्हणला, मले लीव्ह भेटत नाही. तू पाह्य. तुले जे करायचं ते कर. हे म्हणला का नाही? तुह्या पोरीसमोर सांग."

सर धावत आले, त्यांनी माइकचं बटण बंद केलं. पण ताईचा शेवटचा शब्द आधीच सगळीकडे पोहोचला होता. मी मुलीकडे बघितलं. ती पोस्टरची काठी धरून व्यासपीठाच्या कडेला उभी होती. ती रडत नव्हती. माझ्याकडे असं बघत होती, जसं काही एखादं गणित तपासते आहे.

मी म्हणालो होतो. शब्दन्‌शब्द हेच म्हणालो होतो. मंडपात बोललो तेव्हाही मला ते आठवत होतं.

मतदान मात्र झालं. सर शिस्तीचे होते. आजोबा आणि नात निवडून आले. आम्हाला नऊ मतं पडली. ती कुणी दिली, का दिली, मला आजही कळलेलं नाही. ताई निकाल लागायच्या आधीच भाऊजींबरोबर निघून गेली. आमच्या ओळखीच्यांपैकी कुणी माझ्याजवळ आलं नाही. एक बाई, ज्यांना मी वर्षभर ताईबद्दल सांगत आलो होतो, त्या पर्स उचलून माझ्या समोरून गेल्या आणि त्यांनी मान फिरवली.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर बसली. नेहमी पुढे बसते. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं, "तुम्ही आत्याला ते म्हणाला होता?"

"हो."

"मग सगळ्यांना खोटं का सांगितलं?"

माझ्याकडे मामाचं वाक्य होतं. आत्याने आजीला काय सांगितलं ते मी तिला सांगू शकत होतो, आणि मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते पण वाईट आहे. पण मी तुम्हाला तुमचं विचारलं."

घरी गेल्यावर तिने पोस्टर फाडलं नाही, कपाटामागे उभं करून ठेवलं. आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. बायकोने एकदाच विषय काढला. म्हणाली, "ती त्या दिवशी आधी आपल्या घरी आली आणि घाईत चपला घालून उन्हातून आईंना आणायला धावली, तेव्हा तिच्या एका पायात ऑफिसची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात आईंची. मी तोवर पोचले होते, मी बघितलंय. तुम्ही नव्हता."

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी ताईला फोन केला. तिने उचलला, पण हॅलो म्हणाली नाही.

"मामाले सांगतलं मी," मी म्हणालो. "आज सकाळी. की तू मले फोन केल्ता आन मी नाही म्हटलं. बाकीच्यायलेही सांगतो."

"मंग?"

"तू मायले ते काहून सांगतलं? की मले ती नको?"

तिच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ती गेटवर सारखी मागं वळून पाहे. तू येशील म्हणून. व्हीलचेअरवाला घाई करे. मले तुह्या रागानं दुसरं काही सुचलं नाही. तोंडातून निघून गेलं. आता ते परत घेता येत नाही, मले माहीत आहे. रोज माहीत असते."

मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं. मन हलकं होईल असं वाटलं. मी म्हणालो, "ताई, लीव्ह भेटत नाही म्हटलं ना मी. मीनं मागतलीच नव्हती. सुपरवायझरले विचारलंच नाही."

"काहून?"

"माहीत नाही. मायले तसं पाहवत नव्हतं. मले कामावर जाणं सोपं वाटे."

पलीकडे टीव्ही बंद झाला. ताई म्हणाली, "हे मले माहीत नव्हतं. मी आजपर्यंत समजत होती की तुही मजबुरी होती. तुह्यावर चिडत होती, पण तेवढं समजून घेत होती. आता तेही राह्यलं नाही." आणि तिने फोन ठेवला.

मला तिचा राग आला. खरं सांगितलं तरी ही बाई रागावते, असं वाटलं. तो राग उतरायला मला फार दिवस लागले, आणि पूर्ण उतरला आहे असं अजूनही म्हणवत नाही.

मी बाकीच्यांना सांगितलं. सोपं नव्हतं. जयंतीच्या तयारीच्या मीटिंगमध्ये, वंदना झाल्यावर, उभा राहून बोललो, की ताईबद्दल मी जे सांगत होतो ते खोटं होतं. सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि मंडपाच्या परवानगीचा विषय घेतला. पुढच्या मीटिंगला ताईचं नाव यादीत परत आलं होतं. ती आली, माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसली, आणि मी मांडलेल्या सूचनेच्या विरोधात तिने हात वर केला.

आता आम्ही बोलतो, पण कामापुरतं. माझ्या बहारीनच्या आयडी कार्डाचं नूतनीकरण अडलं तेव्हा तिनेच ऑफिसातून कागद करून दिले आणि भाऊजींच्या हाती पाठवले, वर चिठ्ठी नाही, काही नाही. तिच्या घरचा एसी बंद पडला तेव्हा भाऊजींनी फोन केला. मी गेलो, कॉइल धुतलं, गॅस भरला. ती सगळा वेळ आतल्या खोलीत होती. मी निघताना बाहेर आली आणि म्हणाली, "थंड होते आता." मी म्हणालो, "फिल्टर महिन्याला धूत जा." ती म्हणाली, "मले नको शिकवू."

मुलगी मात्र दर गुरुवारी संध्याकाळी मुहर्रकला जाते आणि शनिवारी परत येते. तिथे काय बोलतात, मी विचारत नाही. परवा ती येऊन म्हणाली की आत्या तिला आजीच्या गोष्टी सांगते आणि ती त्या लिहून काढते आहे, मराठीतून. शब्द अडला की आत्याला विचारते. मी म्हणालो, मला दाखव. ती म्हणाली, अजून नाही. तुमचा भाग आत्या सांगत नाही, म्हणते तुमचं तुम्हीच सांगा. मग तिने वही पुढे केली, कोरं पान काढलं, आणि पेन उघडून वाट बघत बसली. मी हातपाय धुवून येतो म्हणालो. आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती, म्हणून मग मी खुर्ची ओढली.